कराची बिर्याणी आणि वेस्टर्न डाकू: सुट्टीच्या दिवसाचं टाईमटेबल

बिर्याणी करता करता पिक्चर बघू हा प्लॅन ऐकायला एकदम भारी वाटतो पण बहुतेकांचा तो फसतो, कारण दोन्ही एकाच वेळी सुरू करतात. कढईत कांदा आणि पडद्यावर बँकेत दरोडा, मग दोन्हीपैकी एकाची वाट लागणार हे ठरलेलंच. त्यात वेस्टर्न पिक्चर (अमेरिकेतल्या पश्चिमेकडचे काऊबॉय, डाकू, बंदुका वगैरे) म्हणजे जास्तच त्रास, टेक्सासची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, सबटायटल वाचल्याशिवाय निम्मं डोक्यावरून जातं, त्यामुळे किचनमधून नुसतं कान देऊन बघायची सोय नाही. तेव्हा आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, या बिर्याणीत तुमची अजिबात गरज नाही असा मोठा वेळ एकदाच मिळतो, चिकन मुरत असतं तेव्हा. आणि दुसरा पिक्चर थेट ताट हातात घेऊनच. मधल्या वेळात टीव्ही बंद. बिर्याणीला दम (झाकण घट्ट लावून बारीक आचेवर वाफवणं) देत असताना टीव्ही लावू की, असं वाटेल, पण तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, त्यात पिक्चर सुरू करून परत उठण्यात काही अर्थ नाही.

बिर्याणी कुठली तर कराचीची, म्हणजे सिंधी पद्धतीची. टोमॅटो आहे, दही आहे, बटाटा आहे, सुका आलूबुखारा आहे, हिरव्या मिरच्या अख्ख्या आणि भरपूर, पुदिना सढळ हाताने. तिखट, आंबट, मसालेदार, गुळगुळीत बोलणं नाही. फाळणीनंतर भारतातून कराचीला गेलेल्या लोकांनी आपापली बिर्याणी सोबत नेली आणि तिथे सगळ्यांची सरमिसळ झाली, म्हणून आजही पाकिस्तानी मसाल्याच्या पाकिटांवर सिंधी बिर्याणीच्या शेजारी बॉम्बे बिर्याणी असं नाव दिसतं. बटाट्यावरून तिकडे सोशल मीडियावर कायमची जुंपलेली असते, बिर्याणीत बटाटा कशाला म्हणणारे एका बाजूला आणि कराचीवाले दुसऱ्या. मी कराचीच्या बाजूने. मसाला प्यायलेला तो बटाटा चिकनच्या पीसपेक्षा आधी संपतो, म्हणून माणशी एक तरी धरा.

चार-पाच जणांसाठी सामान सांगतो. चिकन एक किलो, हाडासकट, मोठे पीस (बोनलेसने ही बिर्याणी करू नका, चव हाडातून उतरते आणि बोनलेस शिजून चोथा होतो). बासमती पाऊण किलो, जुना. बटाटे चार-पाच मध्यम, कांदे चार मोठे, टोमॅटो तीन, दही पाव किलो, तेल एक कप, आलं-लसूण पेस्ट दोन मोठे चमचे भरून, आलूबुखारे आठ-दहा, हिरव्या मिरच्या सात-आठ, पुदिना आणि कोथिंबीर एकेक जुडी, एक लिंबू, केवडा पाणी एक छोटा चमचा, केशरी खायचा रंग चिमूटभर. तिखट दीड मोठा चमचा, धणेपूड एक मोठा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक छोटा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा, जायफळ-जायपत्रीची पूड पाव चमचा. खडा मसाला म्हणजे चार-पाच हिरव्या वेलच्या, दोन मसाला वेलच्या, सात-आठ लवंगा, दहा-बारा मिरे, दालचिनीचा एक तुकडा, एक चक्रीफूल, दोन तमालपत्रं, एक चमचा शहाजिरं. तयार पाकीट वापरलं तरी काही पाप लागत नाही, पाकिस्तानात घरोघरी तेच वापरतात, फक्त पाकिटात मीठ आधीच असतं आणि पुष्कळ असतं, त्यामुळे वरून मीठ घालायच्या आधी मसाला चाखा.

दुपारी पावणेचार : कांदा

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं बेचव, म्हणून कांद्यावरच जास्त बोलतो. कांदे उभे, पातळ आणि एकसारखे चिरा, जाड-बारीक झाले की बारीक जळतो आणि जाड कच्चा राहतो. तेल नीट तापवून सगळा कांदा घाला, मध्यम आच. पहिली आठ-दहा मिनिटं काहीच होत नाही, नुसता बुडबुड करत पाणी सोडतो, याच वेळी लोकांना वाटतं की दोन मिनिटं बाहेर जाऊन यावं. जाऊ नका. कारण बुडबुड कमी झाली की कांदा कडेने पिवळा पडायला लागतो आणि तिथून सोनेरी, बदामी, तपकिरी आणि काळा हा सगळा प्रवास तीन-चार मिनिटांत उरकतो. झाऱ्याने सतत वर-खाली करत राहायचं आणि तुम्हाला हवा त्या रंगाच्या एक पायरी आधीच काढायचा, कारण तेलातून बाहेर आला तरी तो आतल्या उष्णतेने अजून गडद होतो. कागदावर पसरून टाका, ढीग करू नका, ढीग केला की वाफेने मऊ पडतो. दोन मिनिटांनी हातात घेऊन चुरून बघा, कुर्र आवाज करत मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओलावा आहे, परत अर्धा मिनिट तेलात.

काळा झाला तर? वाईट वाटून घ्या आणि फेकून द्या, दुसरा चिरा. जळका कांदा दह्यात गेला की सगळी बिर्याणी कडवट लागते आणि त्यावर साखर, लिंबू, काही उपाय चालत नाही. तेल मात्र गाळून ठेवा (जळलं नसेल तर), तेच पुढे वापरायचंय, कांद्याचा सगळा वास त्यात आहे.

अर्धा तळलेला कांदा हाताने चुरून दह्यात घाला, अर्धा थरांसाठी बाजूला ठेवा आणि घरातल्यांपासून लपवा. दह्यात आलं-लसूण, सगळे पूड मसाले, दीड-दोन छोटे चमचे मीठ, मूठभर पुदिना-कोथिंबीर, सगळं फेटून मग चिकन. पातळ दही असेल तर आधी कपड्यात अर्धा तास टांगून घ्या, नाहीतर पुढे पाणी आटवता आटवता चिकनचा लगदा. झाकून फ्रिजमध्ये. हे सगळं साडेचारपर्यंत होतं.

पावणेपाच : पहिला पिक्चर, लांबलचक

आता तीन तास चिकनला तुमची गरज नाही, म्हणून इथे सगळ्यात लांब आणि सगळ्यात संथ पिक्चर बसवायचा. माझं मत विचाराल तर द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स बाय द कावर्ड रॉबर्ट फोर्ड, 2007 चा, अँड्र्यू डॉमिनिकने केलेला, दोन तास चाळीस मिनिटं. ब्रॅड पिट जेसी जेम्स आहे आणि केसी अॅफ्लेक तो भित्रा फोर्ड. कोण कोणाला मारणार हे नावातच सांगून टाकलंय, त्यामुळे मधे उठून आलं-लसूण लागलेली वाटी विसळून आलात तरी सस्पेन्स वगैरे जात नाही. जेसी जेम्स खरा माणूस होता, रेल्वे आणि बँका लुटणारा, आणि 3 एप्रिल 1882 ला मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात स्वतःच्याच घरात, खुर्चीवर चढून भिंतीवरचं चित्र नीट करत असताना त्याच्याच टोळीतल्या पोराने त्याला पाठीमागून गोळी घातली. पिक्चर त्या एका गोळीकडे इतका हळूहळू सरकतो की काही लोक पहिल्या तासात झोपतात. झोपू द्या त्यांना, बिर्याणी जास्त उरेल. पण रात्रीच्या ट्रेन लुटीचा सीन आला की उठवा, अंधारातून झाडांमधून इंजिनाचा एकच दिवा येतो आणि तोंडावर फडकी बांधलेली माणसं त्या उजेडात उभी दिसतात, असला सीन मोबाईलवर बघणं म्हणजे गुन्हा. कॅमेरा रॉजर डीकिन्सचा, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याला ऑस्करची दोन नॉमिनेशन होती, एक यासाठी आणि दुसरं नो कंट्री फॉर ओल्ड मेनसाठी, आणि मिळालं दोन्हीला नाही.

नो कंट्री पण चालला असता या जागी, दोन तासांचा आहे, पण त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, सगळी भीती आवाजाची, बुटांचा आवाज, दाराखालची सावली, बल्ब काढल्याचा आवाज. एक्झॉस्ट फॅन आणि शेजारच्या खोलीतला मिक्सर चालू असताना तो बघण्यात पॉईंट नाही, तो बिर्याणी नसलेल्या दिवशी.

पिक्चर संपायच्या अर्धा तास आधी, म्हणजे सातच्या आसपास, एकदा पॉज करा. तांदूळ तीन-चार पाण्यातून हलक्या हाताने धुऊन भिजत घाला, चिकन फ्रिजबाहेर काढून ठेवा, आलूबुखारे वाटीभर कोमट पाण्यात टाका. पाच मिनिटांचं काम आहे. पॉजचं बटण दाबायला लाजू नका. तांदूळ सेला (आधीच अर्धवट उकडून वाळवलेला) असेल तर मात्र तास-दीड तास आधी भिजवावा लागेल, म्हणजे पॉज अजून आधी. सेला पहिल्यांदा करणाऱ्याला बरा, मोडत नाही आणि चुका पोटात घालतो, पण वासाला जुना बासमतीच.

साडेसात : टीव्ही बंद

जड बुडाचं मोठं पातेलं घ्या, सहा-सात लिटरचं, थर लावल्यावर वर चार बोटं जागा राहिली पाहिजे. कांद्याचं तेल त्यात, पाव भाग बाजूला काढून. खडा मसाला टाका, वेलची फुगली आणि वास सुटला की मुरलेलं चिकन सगळ्या दह्यासकट. इथे गॅस फुल. पाच-सात मिनिटं चांगलं परता, कच्च्या आलं-लसणाचा वास गेला पाहिजे, मग टोमॅटोच्या फोडी आणि झाकण, आच मध्यम, पंधरा मिनिटं. पाणी घालायचं नाही, एक थेंबही नाही, चिकन आणि टोमॅटो स्वतःच सोडतात. तोवर शेजारच्या गॅसवर बटाटे, अर्धे कापून, मीठ आणि चिमूटभर रंग घातलेल्या पाण्यात उकडा, सुरी आत जाते पण जरा अडकते इथपर्यंत, जास्त नको.

झाकण काढल्यावर बघाल तर पातळ रस्सा दिसेल आणि घाबराल. घाबरू नका, गॅस वाढवून आटवा. तेल कडेने सुटायला लागलं, मसाला चमच्याला धरून राहिला, पातेल्याच्या तळावर चमचा ओढला की दोन सेकंद रेघ दिसली, तेव्हा झालं. मग बटाटे, आलूबुखारे, अर्ध्या मिरच्या. आता चाखा. मसाला एकटा खाल्ला तर जरा जास्तच तिखट-खारट-आंबट लागायला हवा, कारण वर पाऊण किलो फिका भात येऊन पडणारे. याच पायरीवर लोक 'व्वा, परफेक्ट' म्हणतात आणि मग ताटात बिर्याणी मिळमिळीत लागते. आणि रस्सा पातळ सोडला तर खालचा भात खिचडी होतो, तेही लक्षात असू द्या. मटण करायचं असेल तर हीच रीत, फक्त मटण आधी तासभर तरी वेगळं शिजवून घ्या, टोमॅटो नंतर.

भाताचं पाणी मोठ्या भांड्यात, तीन लिटर तरी, त्यात तीन मोठे चमचे मीठ, थोडं शहाजिरं, दोन वेलच्या, चार पुदिन्याची पानं, चमचाभर व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस. पाणी चाखून बघा, चांगलंच खारट लागलं पाहिजे, तांदूळ त्यातलं थोडंच मीठ घेतो, बाकीचं पाण्याबरोबर जातं. खळखळून उकळी आली की भिजलेला तांदूळ, आणि आता घड्याळ नाही तर दाणा बघायचा. चार मिनिटांनी एक दाणा काढून चिमटीत दाबा, त्याचे दोन-तीन तुकडे होतात आणि मधे पांढरा कडक ठिपका राहतो, तो झाला. साधारण पाच-सहा मिनिटं लागतात, सेल्याला आठ-दहा. दाणा चिमटीत पूर्ण चिरडला म्हणजे उशीर झाला, आता दम कमी द्यायचा. ताबडतोब चाळणीत ओता. चाळणी आधीच सिंकमध्ये ठेवलेली असावी, उकळतं पातेलं हातात घेऊन चाळणी शोधणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

सव्वाआठ : थर आणि दम

थोडा मसाला वाटीत काढून ठेवा. पातेल्यात तळाशी मसाला राहू दे, त्यावर अर्धा भात, त्यावर काढलेला मसाला पसरून, पुदिना-कोथिंबीर, थोडा तळलेला कांदा, आणि वर उरलेला भात. भात दाबायचा नाही, नुसता झाऱ्याने पसरायचा, वाफेला वर यायला वाट हवी. सगळ्यात वर लिंबाच्या चकत्या, उरलेल्या मिरच्या, उरलेला कांदा, बाजूला काढलेलं तेल. रंग केवडा पाण्यात आणि दोन चमचे दुधात कालवून तीन-चार ठिकाणी नुसता टाका, सगळीकडे शिंपडू नका, मजा त्यातच आहे की काही दाणे केशरी, काही मसाल्याचे तपकिरी आणि काही पांढरेशुभ्र राहतात. केवडा एका छोट्या चमच्याच्या वर गेला की बिर्याणीला अत्तराच्या दुकानाचा वास येतो.

झाकणाला जाड सुती कापड गुंडाळा, टोकं वर बांधा (गॅसवर लोंबती ठेवू नका, पेट घेतील), घट्ट बसवा, वर काहीतरी वजन. पाच मिनिटं मध्यम-मोठी आच, झाकणाच्या कडेला हात नेला की गरम वाफ जाणवते, मग पातेल्याखाली तवा सारा आणि गॅस अगदी बारीक, पंधरा-अठरा मिनिटं. नंतर बंद करून दहा मिनिटं तसंच. झाकण उघडून बघायचं नाही. या वेळात कोशिंबीर चिरा, दह्यात पुदिना-जिरं-मीठ घालून रायतं करा, भांडी घासा.

काढताना मधून ढवळायचं नाही. सपाट झारा पातेल्याच्या कडेने थेट तळापर्यंत घालायचा आणि एक पूर्ण तुकडा वर उचलायचा, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात पांढरा भात, मसाला, बटाटा सगळं येतं.

नऊ : दुसरा पिक्चर, ताटासोबत

इथे छोटा पिक्चर हवा कारण पोट भरल्यावर माणूस दीड-पावणेदोन तासांच्या वर टिकत नाही. हेल ऑर हाय वॉटर, 2016, एकशे दोन मिनिटं, डेव्हिड मॅकेन्झी दिग्दर्शक, लिहिलाय टेलर शेरिडनने. घोडे जवळजवळ नाहीत, जुनाट गाड्या आहेत, गोष्ट पश्चिम टेक्सासची (शूटिंग मात्र न्यू मेक्सिकोत). दोन भाऊ एकाच बँकेच्या छोट्या छोट्या शाखा लुटतात, आणि तीच बँक त्यांच्या आईचं रँच (गुरं पाळायची मोठी जमीन) कर्जापायी गिळायला बसलेली असते, म्हणजे बँकेचं कर्ज बँकेच्याच पैशांनी फेडायचं. रस्त्याच्या कडेला कर्जमाफीचे आणि उसनवारीचे बोर्ड सतत दिसत राहतात, त्याकडे लक्ष ठेवा, कोणी त्यावर भाषण देत नाही आणि तरी कळतं. त्यात एक सीन आहे, त्यांच्या मागावर असलेले दोन रेंजर (टेक्सासचे पोलीस) एका गावठी स्टेक हाऊसमध्ये जेवायला बसतात आणि म्हातारी वेट्रेस त्यांना काय हवंय ते विचारतच नाही, काय नको ते विचारते, कारण तिथे वर्षानुवर्षं सगळ्यांना तोच स्टेक आणि तोच भाजलेला बटाटा मिळतो. तोंडात बिर्याणीतला बटाटा असताना हा सीन बघायला जी मजा येते ती वेगळीच. जेफ ब्रिजेस निवृत्तीला आलेला रेंजर आहे आणि त्याचं अर्धं बोलणं मिशीतच राहतं, सबटायटल चालूच ठेवा.

मंडळी जास्त असतील, गप्पा होणार असतील तर हा नको, मग द हार्डर दे फॉल लावा, 2021 चा, जेम्स सॅम्युअलचा, नेटफ्लिक्सवर आहे. आवाज, गाणी, रंग, गोळीबार, एक संवाद चुकला तरी बिघडत नाही. गोष्ट बनवलेली पण माणसांची नावं खरी, नॅट लव्ह नावाचा काळा काऊबॉय खरंच होता, त्याने 1907 मध्ये आत्मचरित्र छापलं, आणि बास रीव्ह्ज हा खराखुरा डेप्युटी मार्शल, म्हणजे तिकडचा सरकारी पोलीस अधिकारी. वेस्टर्नमध्ये फक्त गोरीच माणसं बघायची सवय लागलेल्यांना हा पिक्चर बरा झटका देतो.

आणि घरात कोणी जुन्या मारामारीचे चाहते असतील तर 2007 चा थ्री टेन टू युमा, कर्जात बुडालेला शेतकरी एका टोळीच्या म्होरक्याला तुरुंगाच्या ट्रेनपर्यंत पोचवायचं काम घेतो, रसेल क्रो आणि ख्रिश्चन बेल. शेवटाबद्दल माझी तक्रार आहे पण ती इथे सांगितली तर तुम्ही शिव्या द्याल.

उरलेली बिर्याणी रात्री गॅसजवळ तशीच ठेवून झोपू नका, तासा-दोन तासात फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर पातेलं ठेवून, वरून दोन चमचे पाण्याचा हबका मारून, झाकण लावून बारीक आचेवर दहा मिनिटं, मधे ढवळायचं नाही, हवं तेवढंच गरम करायचं. आलूबुखारा सापडला तर तो ज्याला सापडला त्याचा, त्यावर भांडायचं नाही.